कयाक घेतली, आता भरतीचं काय? : वाचकांचे प्रश्न

यावेळी कयाकिंगवरचे प्रश्न इतके आलेत की दुसरं काही घेतच नाही. बोट कुठली घ्यावी, हवेची की प्लास्टिकची, लाईफ जॅकेट केवढ्याला मिळतं असं विचारणारे भरपूर आहेत, त्यांना पुढच्या अंकात उत्तर देतो. ज्या पाण्यात उतरायचं त्या पाण्याबद्दल विचारणारे मात्र मोजकेच, म्हणून त्यांचा नंबर आधी.

प्रश्न : आम्ही सहा मित्र, सगळे डोंबिवलीचे. ऑनलाइन तीन हवेच्या कयाक घेतल्या, दोन-दोन सीटच्या. गावच्या तलावात चालवून बघितल्या, मस्त चालतात. आता दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी देवबागला आहोत. दुपारी जेवून कर्लीच्या खाडीत उतरायचं, संगमापर्यंत जायचं, तिथून समुद्रात बाहेर पडून किनाऱ्याकिनाऱ्याने तारकर्लीच्या बीचवर यायचं असा प्लॅन आहे. सगळ्यांना पोहता येतं, चार जण रोज जिमला जातात. होमस्टेवाल्या काकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "सुकतीच्या टायमाक थंय जाव नकात" (म्हणजे ओहोटीच्या वेळी तिथे जाऊ नका). एवढं घाबरण्यासारखं काय आहे त्यात?

उत्तर : काकांचं ऐका. तुमच्या प्लॅनमध्ये जागा चांगली आहे, मंडळी धडधाकट आहेत, फक्त वेळ अशी निवडलीय की मुद्दाम शोधूनही याहून वाईट सापडली नसती.

आधी हिशोब करू. भाऊबीज म्हणजे द्वितीया, तुम्ही उतरणार तृतीयेला. त्या दिवशी मुंबईकडे पूर्ण भरती साधारण सव्वादोनला येते (ती वेळ कशी काढायची ते पुढच्या उत्तरात आहे), मालवणकडे थोडी आधी, दीड धरा. म्हणजे तुम्ही माशाचं ताट संपवून, सुपारी तोंडात टाकून कयाकमध्ये हवा भरणार तेव्हा पाणी नुकतं उतरायला लागलेलं असणार. पाणी उतरतं ते काही एकसारखं उतरत नाही. सहा तासांत जेवढं उतरायचं त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणून सुरुवातीला पाणी एकदम गरीब वाटतं, तुम्ही म्हणाल काका उगाच घाबरवत होते, आणि साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत अर्धी खाडी समुद्रात रिकामी होते. नेमके त्याच वेळेला तुम्ही संगमावर असणार, म्हणजे जिथे ते सगळं पाणी एका चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं तिथे.

आता जिमचं. नवखा माणूस हवेच्या कयाकमध्ये ताशी तीन-चार किलोमीटर जातो, तेही वारा नसेल तर. खाडीच्या तोंडावर उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या जोराच्या, ओहोटीला दोन-तीन नॉटची ओढ असणं काही नवलाचं नाही आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, त्यामुळे तुम्ही जीव खाऊन वल्हं मारत असाल आणि बाजूला बघाल तर अर्ध्या तासापूर्वीचाच माड अजून समोर दिसेल, किंवा तो पुढे गेलेला दिसेल. दंडात कितीही जोर असला तरी तो तासाभराने संपतो, ओहोटी संपायला मात्र पावणेआठ वाजतात आणि त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. थोडक्यात अंधार पडेपर्यंत पाणी बाहेरच जात राहणार.

आणि खरी गंमत (तुमच्यासाठी नाही) वाऱ्याची आहे. सकाळी आपल्या किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, मंद असतो. अकरा-बारानंतर खारा वारा सुरू होतो, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून, आणि तीन-चारला तो सगळ्यात जोरात असतो. खाडीचं पाणी पश्चिमेला बाहेर पडतंय आणि वारा पश्चिमेकडून आत येतोय, दोघं समोरासमोर आले की लाट आखूड, उभी आणि फुटकी होते. त्यात संगमापाशी वाळूचे दांडे, तळ उथळ, म्हणजे लाट अजून उभी राहणार. मोठ्या होडीवाले मच्छीमारसुद्धा खाडीच्या तोंडातून आतबाहेर करायला पाण्याची वेळ बघतात, ते काय पोहता येत नाही म्हणून नाही. तुमची कयाक तर हवेची, पाण्याच्या वर तरंगते, वाऱ्याने आडवी होते आणि आडव्या कयाकवर अशी लाट आली की दोघंही पाण्यात.

त्सुनामी आयलंड म्हणून जो वाळूचा पट्टा दाखवतात तिथे थांबायचा मोह होईल. भरतीत तो पाण्याखाली जातो. लोक कयाक तिथे नुसती टेकवून फोटो काढत बसतात, पाणी चार बोटं चढलं की कयाक तरंगते आणि निघून जाते. उतरलात तर दोरी एकाच्या हातात पाहिजे.

मग करायचं काय? तोच दिवस, तीच खाडी, फक्त उलटं करा. त्या दिवशी सकाळी साडेसातच्या आसपास पाणी पूर्ण उतरलेलं असेल, तिथून दीडपर्यंत ते आत येत राहील. दहाच्या सुमारास संगमापासून जितकं आत उतरता येईल तितकं आत उतरा, पाण्याबरोबर वर जा, कांदळवनं बघा, पक्षी बघा, साडेबारा-पाऊणला वळा. तेव्हा भरतीचा जोर संपत आलेला असतो, परत यायला फारसं झगडावं लागत नाही आणि चुकून कोणाचा हात दुखला, वल्हं हरवलं तरी पाणी तुम्हाला समुद्राकडे नाही, गावाकडे नेतं. दोनला परत येऊन जेवा. समुद्रातून तारकर्लीला जायचं या वर्षी राहू द्या, जाताना उथळ दांडा ओलांडायचा आणि येताना फुटत्या लाटेतून बीचला लागायचं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही तलावात शिकता येत नाहीत.

जाता जाता एक निरीक्षण, कारण हे फक्त तुमचं नाही. आपल्या सुट्ट्या बघा कधी येतात. दिवाळी अमावास्येला, कोजागरी, त्रिपुरी, दत्तजयंती, होळी सगळ्या पौर्णिमेला. उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतं. आणि त्या दिवसांत आपल्याकडे भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास भरते, म्हणजे दुपारभर जोराची ओहोटी आणि तिच्यासमोर खारा वारा. पुण्यामुंबईची निम्मी गर्दी कोकणात उतरते ती बरोब्बर या दिवसांत आणि पाण्यात उतरते ती बरोब्बर जेवणानंतर. याउलट अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ निम्म्यावर येते आणि ओहोटी दुपारी बारालाच संपून पाणी परत आत यायला लागलेलं असतं. नवख्यांनी रजा टाकायची असेल तर तेव्हा टाकावी, हॉटेलही स्वस्त मिळतं.

प्रश्न : माझे आजोबा रत्नागिरीचे, ते तिथीवरून भरती सांगायचे. मी कोल्हापुरात वाढलो, मला ते जमत नाही. ॲपमध्ये वेगळी वेळ, कॅलेंडरवर वेगळी. नक्की काय धरायचं?

उत्तर : आजोबांचं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन्हींच्या मध्ये सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, पाऊणपटीचं मूळ तेच.

पण हे अंदाजाचं गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर येते, गोव्यात ती मुंबईच्या पाऊण तास-तासभर आधी असते. तुमच्या कॅलेंडरवरची वेळ बहुधा मुंबईची असणार आणि ॲपमध्ये तुम्ही दुसरं बंदर टाकलं असणार, भांडण तिथे आहे. अधिकृत आकडे हवे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, बंदरवार असतात. लाटा-वाऱ्याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर मिळतो, तो वेगळा बघावा लागतो, कारण भरतीच्या कोष्टकात वारा नसतो.

कोष्टकात वेळेसोबत उंचीही वाचा, लोक नेमकी तीच सोडतात. भरती ४.४ आणि ओहोटी ०.७ म्हणजे ३.७ मीटर पाणी हलणार, भरती ३.२ आणि ओहोटी १.९ म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. तीच खाडी, तेवढाच वेळ, पण पहिल्या दिवशी जवळपास तिप्पट पाणी त्याच तोंडातून जाणार. मुंबईला उधाणात सरासरी साडेतीन मीटरच्या वर फरक पडतो, गोव्यात दोन मीटरच्या आतबाहेर, आणि वर खंभातच्या आखातात भावनगरकडे दहा मीटरच्याही पुढे जातो. गोव्यात शिकलेल्या माणसाने मुंबईच्या खाडीत त्याच भरवशावर उतरू नये ते यासाठी. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे सकाळची बघून संध्याकाळचा अंदाज बांधू नका.

आणखी एक, कोष्टक खाडीच्या तोंडाचं असतं. तुम्ही दहा-पंधरा किलोमीटर आत असाल तर तिथे पाणी उशिरा भरतं आणि उशिरा वळतं. किती उशिरा, ते तिथल्या जेटीवर बसलेल्या माणसाला विचारा, फुकट सांगेल.

प्रश्न : मी पणजीला राहते. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला घेऊन कयाकिंग करायचं आहे. समुद्राची भीती वाटते म्हणून नदीत जाणार. नदीत भरती-ओहोटीचा प्रश्न येत नाही ना?

उत्तर : येतो, आणि मांडवीत तर चांगलाच येतो. मांडवी-जुवारीत भरतीचं पाणी चाळीसेक किलोमीटर आतपर्यंत जातं. नदी नाव असलं तरी पणजीपाशी तुम्ही समुद्राच्याच वेळापत्रकावर आहात.

नदीत लाट नसते हे खरं, धोका वेगळा असतो, तो म्हणजे उभ्या असलेल्या वस्तूंचा. नांगरलेली बार्ज, जेटीचे खांब, कांदळाच्या वाकलेल्या फांद्या, मच्छीमारांनी रोवलेले खुंट आणि त्यांना बांधलेली जाळी. प्रवाह कयाकला त्यांच्यावर आडवी नेऊन दाबतो आणि माणूस घाबरून पाण्याच्या येणाऱ्या बाजूला कलंडतो, तिथेच कयाक उलटते आणि पाणी सगळं बोटीखाली किंवा जाळ्यात ओढतं. लागलंच तर ज्या वस्तूला लागलात तिच्याच बाजूला झुका, तिला मिठी मारा. मुलाला हे किनाऱ्यावर करून दाखवा, मुलं पटकन शिकतात, मोठ्यांनाच दोनदा सांगावं लागतं. नांगरलेल्या कुठल्याही बोटीच्या वरच्या अंगाने, म्हणजे जिकडून पाणी येतंय तिकडून, जवळून जायचंच नाही.

पाणी कुठे चाललंय ते ओळखायला कोष्टकही लागत नाही. नांगरलेल्या होड्यांची नाकं बघा, वारा फार नसेल तर त्या प्रवाहाकडे तोंड करून उभ्या असतात. खांबाच्या ज्या बाजूला पाण्याची शेपटी दिसते तिकडे पाणी चाललंय. उतरण्याआधी पाच मिनिटं हे बघा. मुलासाठी नदीच्या छोट्या फाट्यातलं (बाजूला फुटलेल्या शाखेतलं) पाणी निवडा, भरती संपायच्या आधीचा तास निवडा, आणि जॅकेट त्याच्या मापाचं घ्या. मोठ्यांचं घट्ट आवळून चालत नाही, पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खालून निसटतं. खांद्याला धरून वर उचलून बघा, कानापर्यंत आलं तर दुसरं मागा. भाड्याने देणारा "चलता है" म्हणाला तर तुम्ही दुसरीकडे चला.

प्रश्न : उरणच्या बाजूला खाडीत गेलो होतो, परत येताना पाणीच संपलं. चारी बाजूंनी चिखल. उतरून चालायला गेलो तर मांडीपर्यंत रुतलो, कसाबसा कयाकवर परत चढलो. अशा वेळी काय करायचं असतं?

उत्तर : बसून राहायचं, तुम्ही शेवटी केलंत तेच. खाजणातल्या चिखलात चालू नका, कयाक ही तुमची एकमेव फळी आहे, ती सोडायची नाही. पाय रुतलाच तर उभ्याने ओढू नका, कयाकवर पोट टेकून आडवे व्हा आणि पाय हलवत हलवत काढा. चप्पल गेली तर जाऊ द्या.

किती वेळ बसायचं ते कधी अडकलात त्यावर आहे, आणि इथे बऱ्याच जणांचं गणित चुकतं. ओहोटी संपायला तास उरला असताना अडकलात तर एक तास पाणी उतरणार, एक तास चढणार, दोन तासांत तरंगाल. पण भरतीनंतर दोनच तासांनी अडकलात तर अजून चार तास उतरणार आणि तेवढीच उंची परत यायला आणखी चार, म्हणजे आठ तास. लवकर अडकलेला माणूस जास्त वेळ अडकतो. म्हणून ओहोटीला उथळ फाट्यात शिरायचंच नाही, आणि वल्हं तळाला लागायला लागलं की "अजून थोडं पुढे" न म्हणता तिथूनच खोल पाण्याकडे वळायचं.

आपल्याकडे थंडीने कोणी काकडत नाही, आपल्याकडे ऊन मारतं. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्यांचा शर्ट आणि फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, तोही अंगाला बांधलेला. घरी फोन करून सांगा की अडकलोय, ठीक आहोत, इतक्या वाजता निघू. अंधार पडणार असेल किंवा कोणाला उन्हाचा त्रास व्हायला लागला असेल तर मात्र वाट बघू नका, मदत मागा.

प्रश्न : मी ब्रिस्टलला असतो, मूळ सावंतवाडीचा. इथल्या क्लबबरोबर कयाकिंग सुरू केलंय. वीकेंडला मित्रासोबत आपलं आपण जावं म्हणतो, कोकणातला अनुभव आहेच.

उत्तर : कोकणातला अनुभव सेव्हर्नच्या मुखाशी उपयोगाचा नाही. तिथे उधाणात भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो, जगात सगळ्यात मोठ्या फरकांपैकी एक, आणि त्यात पाणी थंड. क्लबबरोबरच जा. कोष्टकं वाचताना एक बघा, काही छापील कोष्टकांत वेळ ग्रीनिचची असते, उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, तो तास स्वतः मिळवायला लागतो. तिथे एका तासात जेवढं पाणी हलतं तेवढं गोव्यात अख्ख्या ओहोटीला हलत नाही.

प्रश्न : सगळं बघून गेलो आणि तरी पाण्याने बाहेर ओढायला लागलं तर? अलिबागला एकाने सांगितलं, कयाक सोडून पोहत या. बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात नाही. कयाक उलटी असो, फाटकी असो, तिला धरून राहा. पाण्यात नुसतं डोकं असलेला माणूस बोटीवरून दिसत नाही, लाल-पिवळी कयाक दिसते.

प्रवाहाच्या सरळ विरुद्ध वल्हं मारू नका, त्याने फक्त दमाल. नाक प्रवाहाकडे थोडं तिरकं ठेवून काठाच्या दिशेने आडवं सरकत राहा, तरीवाले होडी पलीकडे नेतात तसंच. मधल्या खोल भागात ओढ जास्त असते, काठाजवळ कमी, आणि एखाद्या टोकाच्या किंवा खडकाच्या आडोशाला तर पाणी उलटंही फिरत असतं, तिथे दम घ्या. दोन-तीन कयाक असतील तर एकमेकींना धरून राहा, पांगू नका. शिट्टी जॅकेटला बांधलेली असू द्या, ओरडण्यापेक्षा लांब जाते. मच्छीमारांची होडी दिसली तर वल्हं उभं धरून हलवा.

आणि हे सगळं होण्याआधी किनाऱ्यावर एक माणूस असा पाहिजे ज्याला तुमची परतायची वेळ माहीत आहे, ती टळली की किती वाट बघायची तेही माहीत आहे. इंग्लंडच्या लाइम बेमध्ये २२ मार्च १९९३ ला शाळेच्या मुलांचा कयाकचा गट वाऱ्याने बाहेर ओढला गेला, चार मुलं गेली. दुपारी परत येणार होते, न आल्यावर तिथल्या तटरक्षकांना कळवायला फार उशीर झाला, हे त्यातलं एक मोठं कारण. त्यानंतर तिथे १९९५ ला मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी कायदाच झाला. आपल्याकडे असला माणूस बहुतेक वेळा होमस्टेवालाच असतो, त्याला निघताना नीट सांगा, नुसतं "येतो काका" नको.

आपल्याकडे समुद्रातल्या बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. फोन लागला की किती जण आहात, जॅकेट आहेत का, कयाकचा रंग कुठला हे सांगा. लोकेशन पाठवलंत तर ते किती वाजताचं आहे तेही सांगा आणि दर दहा मिनिटांनी नवं पाठवा, कारण दोन नॉटच्या ओढीत तासाभरात तुम्ही पावणेचार किलोमीटर सरकलेले असता आणि होडी जुन्या जागी शोधत बसते.